दोर ओढणारी बोट : वॉटर स्कीइंगच्या टो-बोटीचा पाठ



आज एक जरा वेगळा विषय घेतोय. आपला पोहरादेवीचा परिसर म्हणजे कापूस, सोयाबीन, तुरीचा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण पाणी काही आपल्याला नवं नाही. आपल्या जिल्ह्यात कारंज्याकडे अडाण धरण आहे, वाशिमजवळ एकबुर्जी आहे, शेजारच्या दिग्रस तालुक्यात अरुणावतीचा मोठा जलाशय आहे. शिवाय शाळेची सहल कोकणात निघाली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, बनाना राईडला बसू देणार ना?"

बनाना राईडमध्ये रबरी केळ्याला दोर बांधून पुढची बोट ओढत नेते. वॉटर स्कीइंगमध्ये त्या दोराच्या टोकाला केळं नसतं, तर पायात फळ्या घालून पाण्यावर उभा राहिलेला माणूस असतो. दोन्हीकडे काम एकच, ओढायचं. म्हणून त्या बोटीला टो-बोट म्हणजे ओढणारी बोट म्हणतात. ही बोट कशी असते, ती कशी चालवतात, ती बाळगायला काय लागतं आणि सहलीला गेल्यावर शिक्षकाने तिच्यात काय बघायचं, हे आजच्या पाठात समजून घेऊ. इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञान आणि गणिताला हा पाठ सहज जोडता येतो.

१) हा खेळ सुरू कसा झाला?

१९२२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे. तिथल्या पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात आलं, बर्फावर स्की करता येते तर पाण्यावर का नाही? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. नाही जमलं. मग बर्फावरची स्की लावून पाहिली. तीही बुडाली. शेवटी त्याने लांब-रुंद लाकडी फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि पाण्यात मागे रेलून, फळ्यांची टोकं वर ठेवून बसला. दोर ताणला गेला आणि राल्फ पाण्यावर उभा राहिला.

इतिहासात राल्फचं नाव राहिलं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ बेन बोट चालवत होता. बोट नीट चालली नसती तर राल्फ उभाच राहिला नसता. मुलांना हा मुद्दा आवर्जून सांगावा. दिसतो तो खेळाडू, पण खेळ दोघांचा असतो.

पुढे १९४९ मध्ये या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक खेळ म्हणून दाखवला गेला. आपल्याकडे जुन्या पिढीला तो माहीत झाला सिनेमामुळे. १९६७ च्या 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' मध्ये शर्मिला टागोर पाण्यावर स्कीइंग करताना आणि शम्मी कपूर वर हेलिकॉप्टरला लटकलेला, हे दृश्य घरातल्या आजी-आजोबांना विचारा, नक्की आठवेल.

२) टो-बोट साध्या बोटीपेक्षा वेगळी कशी?

कोणतीही वेगवान बोट माणसाला ओढू शकेल. पण स्पर्धेसाठीची बोट खास त्याच कामाची बनवलेली असते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९२५ साली सुरू झालेल्या करेक्ट क्राफ्ट कंपनीची 'स्की नॉटिक' ही बोट १९६१ पासून प्रसिद्ध आहे. मास्टरक्राफ्ट १९६८ मध्ये सुरू झाली. मालिबू हे त्यातलंच आणखी एक नाव. या बोटींमध्ये चार गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली गोष्ट दोर बांधायची जागा. दोर बोटीच्या मागच्या टोकाला बांधत नाहीत. बोटीच्या साधारण मध्यावर एक मजबूत खांब असतो, त्याला बांधतात. का बरं? वर्गातलं दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडेला ढकलून बघा. कडेला थोडा जोर लावला तरी दार फिरतं, बिजागरीजवळ लावला तर फिरत नाही. तसंच बोटीचं आहे. खेळाडू डावी-उजवीकडे जातो तेव्हा तो दोर आपल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोराने बाजूला ओढतो. दोर मागच्या टोकाला असता तर बोटीचं तोंडच फिरलं असतं. मध्याजवळ असल्यामुळे बोट आपली रेषा सोडत नाही.

दुसरी गोष्ट इंजिन. आपण पाहतो त्या पुष्कळशा बोटींना इंजिन मागे बाहेरच्या बाजूला टांगलेलं असतं आणि पंखा तिथेच पाण्यात फिरतो. स्पर्धेच्या टो-बोटीत मोठं पेट्रोल इंजिन आत मध्यभागी बसवतात आणि पंखा बोटीच्या तळाखाली असतो. याचे फायदे दोन. वजन मध्यावर राहतं आणि पाण्यातल्या माणसाजवळ उघडा पंखा नसतो.

तिसरी गोष्ट मागची लाट. बोट गेली की मागे पाणी उसळतं. स्कीवाल्याला ही लाट जितकी लहान तितकी चांगली, कारण त्याला ती वेगात पार करायची असते. म्हणून बोट हलकी आणि तळ तुलनेने सपाट ठेवतात. वेकबोर्ड नावाचा दुसरा खेळ आहे, त्यात मात्र उलट, मोठी लाट हवी म्हणून बोटीत मुद्दाम पाण्याच्या टाक्या भरून वजन वाढवतात.

चौथी गोष्ट तळाचे पर. माशाला जसे पर, तशा छोट्या धातूच्या पट्ट्या बोटीच्या तळाला असतात. त्यामुळे बोट बाजूला सरकत नाही, सरळ धावते.

३) स्पर्धेत बोट काय करते?

स्पर्धेत तीन प्रकार असतात. स्लॅलम, ट्रिक आणि जंप.

ट्रिकमध्ये खेळाडूला २०-२० सेकंदांच्या दोन फेऱ्या मिळतात. त्यात तो गिरक्या घेतो, कधी दोराची मूठ पायात अडकवून ओढला जातो. अशा वेळी तो पडला तर पाय अडकून इजा होईल, म्हणून बोटीत एक माणूस फक्त दोर सोडायच्या खटक्यावर हात ठेवून बसलेला असतो.

जंपमध्ये पाण्यात तिरपा उतार तरंगत ठेवतात. पुरुषांसाठी त्याची उंची १.८ मीटरपर्यंत आणि बोटीचा वेग ताशी ५७ किलोमीटरपर्यंत असतो.

स्लॅलम हा प्रकार गणितासाठी फार छान. बोट मधल्या रेषेतून सरळ जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून सहा चेंडू तरंगत असतात. खेळाडूने प्रत्येक चेंडूला बाहेरून वळसा घालायचा. पूर्ण मार्ग २५९ मीटरचा. प्रवेशापासून पहिला चेंडू २७ मीटरवर, मग प्रत्येकी ४१ मीटरवर पुढचा आणि शेवटच्या चेंडूपासून बाहेर पडायला पुन्हा २७ मीटर. चेंडू मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला.

आता फळ्यावर हे सोडवू.

पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किमी. ५८ × १००० ÷ ३६०० = १६.११ मीटर दर सेकंदाला. २५९ ÷ १६.११ = १६.०८ सेकंद. म्हणजे सहा चेंडू सोळा सेकंदांत. दोन चेंडूंमध्ये ४१ ÷ १६.११ = साधारण अडीच सेकंद.

बोट सरळ ४१ मीटर जाते तेवढ्या वेळात खेळाडूला एका बाजूच्या चेंडूकडून दुसऱ्या बाजूच्या चेंडूकडे, म्हणजे २३ मीटर आडवं जावं लागतं. पायथागोरस वापरा. ४१ चा वर्ग १६८१, २३ चा वर्ग ५२९, बेरीज २२१०, वर्गमूळ सुमारे ४७. खेळाडू अगदी सरळ रेषेत गेला तरी ४७ मीटर कापतो. त्याचा सरासरी वेग ५८ × ४७ ÷ ४१ म्हणजे ताशी ६६ किमीच्या पुढे जातो. प्रत्यक्षात तो वळणं घेत जातो, म्हणजे वेग आणखी जास्त. ओढणाऱ्यापेक्षा ओढला जाणारा वेगात, हे मुलांना आधी पटत नाही. गणित केल्यावर पटतं.

आणखी एक कोडं. सुरुवातीला दोर १८.२५ मीटर असतो. खेळाडू यशस्वी झाला की प्रत्येक फेरीला वेग ३ किमीने वाढवतात. कमाल वेग गाठला की दोर आखूड करत नेतात. १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याहून कमी. पण चेंडू ११.५ मीटरवर आणि दोर ११.२५ चा! मग खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचतो कसा? उत्तर आहे हात आणि अंग. तो हात लांब करतो, अख्खं शरीर पाण्यावर आडवं झुकवतो आणि राहिलेलं अंतर स्वतःच्या उंचीने भरून काढतो. हे कोडं मुलांना घरी विचार करायला द्या, दुसऱ्या दिवशी उत्तर सांगा.

४) चालवणाऱ्याचं कसब

बैलगाडी हाकताना कासरा गाडीवानाच्या हातात असतो. बैल बिथरला तरी गाडीवान बिथरत नाही. टो-बोट चालवणं तसंच आहे. त्याने तीन गोष्टी सांभाळायच्या. वेग, रेषा आणि माणूस.

वेग : पूर्वी चालक हाताने वेग धरायचा आणि स्टॉपवॉचवर वेळ तपासली जायची. आता जीपीएसवर चालणारी वेगनियंत्रण यंत्रणा असते. खेळाडूने जोरात ओढलं की बोट मंदावते, यंत्रणा लगेच इंजिनाला जोर देते.

रेषा : बोट मधल्या वाटेतून हलता कामा नये. बोट खेळाडूच्या बाजूला सरकली तर त्याचं काम सोपं होतं, म्हणजे तो अन्याय झाला. म्हणून बोटीत पंचही बसतो. मार्ग संपल्यावर चालक वेग कमी करून आल्या रेषेनेच परत फिरतो. वेगात मोठा गोल घेतला तर लाटा काठावर आपटून परत मार्गात येतात आणि पुढच्या खेळाडूचं पाणी खराब होतं.

माणूस : चालक पुढे बघतो, मग मागच्याला कोण बघणार? त्यासाठी बोटीत मागे तोंड करून बसलेला निरीक्षक हवाच. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरवला म्हणजे थांबा, डोक्यावर थाप म्हणजे किनाऱ्याला परत चला. पडल्यावर डोक्यावर हात जुळवले म्हणजे मी ठीक आहे. ही खूण दिसली नाही तर काहीतरी झालंय असं समजायचं.

पडलेल्या माणसाकडे बोट नेताना तो चालकाच्या बाजूला, डोळ्यांसमोर राहील अशी हळू न्यायची आणि तो वर चढण्याआधी इंजिन बंद करायचं. पंखा फिरत असताना कोणीही शिडीजवळ जायचं नाही.

५) बोट बाळगणं म्हणजे काय?

आपल्याकडे ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला हा भाग लगेच कळेल. ट्रॅक्टरसारखंच बोटीचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये मोजतात. डॅशबोर्डवर अवर मीटर असतो. ऑइल, फिल्टर बदलायचे ते तासांवर, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे.

इंजिन थंड ठेवायला बोट तलावाचंच पाणी आत ओढते. ते ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं चाक असतं. गाळ, शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर पाणी बंद आणि इंजिन तापलं. पाण्याबाहेर इंजिन कोरडं चालवलं तर ही पाती थोड्याच वेळात जळतात. आपल्या धरणांत गाळ भरपूर, म्हणून जाळी रोज तपासणं भाग पडेल.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते. तिथे ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून चावी फिरवण्याआधी काही मिनिटं तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा चालवतात. तसंच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसून गप्पा मारायच्या नाहीत.

आता पैशाचं गणित. आकडे फक्त उदाहरणासाठी घेऊ. समजा, बोटीचा वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे कर्जाचा हप्ता, विमा, जागाभाडं मिळून २,००,००० रुपये आहे. आणि पाण्यात चालताना तासाला पेट्रोल-दुरुस्ती मिळून २,००० रुपये लागतात. वर्षात १०० तास चालली तर तासाचा खर्च २,००० + २,००० = ४,००० रुपये. ४०० तास चालली तर ५०० + २,००० = २,५०० रुपये. उभी बोट महाग, चालती बोट स्वस्त. म्हणूनच परदेशात पुष्कळ ठिकाणी एकट्याने बोट घेण्यापेक्षा क्लब मिळून घेतात. काही कंपन्या क्लबना आणि निवडक मालकांना नवी बोट सवलतीत देतात, हंगाम संपला की ती विकली जाते. गावात मळणीयंत्र सामाईक घेतात ना, तसंच हे.

कोकणात मात्र साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. हप्ता काही बंद होत नाही. म्हणजे वर्षाची कमाई आठ-नऊ महिन्यांत करायची. मग सुट्टीच्या गर्दीत मालकाला मोह होतो. एक जास्त माणूस बसव, एक फेरी जास्त मार, निरीक्षकाचा पगार वाचव. अपघाताचं मूळ पुष्कळदा या मोहात असतं.

६) आपल्या महाराष्ट्रात

तारकर्ली, मालवण, गणपतीपुळे, नागाव, काशीद इथे बनाना राईड, पॅरासेलिंग चालतं. या सगळ्या टो-बोटीच. २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे इथे गोड्या पाण्यातलं जलपर्यटन सुरू झालं. किनाऱ्यावरच्या बोटींवर महाराष्ट्र सागरी मंडळाचं लक्ष असतं. हे मंडळ १९९६ चं. नदी-तलावातल्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. त्याच वर्षी राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं आणि जमिनीवरच्या, पाण्यातल्या, हवेतल्या उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक झाली.

शिकायचं असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. १९९० पासून. तिथे पॉवर बोट चालवणं, जीव वाचवण्याची तंत्रं यांचे अभ्यासक्रम होतात. आपल्या तांड्यांमधली किती तरी मुलं कामासाठी बाहेरगावी जातात. ज्याला पोहता येतं, इंजिनाची आवड आहे, त्याला हाही एक रोजगार आहे हे माहीत असायला हवं. आपले बंजारा पूर्वज लदेणी घेऊन बैलांच्या पाठीवर देशभर माल पोहोचवत होते. ओझं नुसतं न्यायचं नसतं, सुखरूप पोहोचवायचं असतं, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

आपल्या धरणांवर असे खेळ सुरू होऊ शकतील का, असं मुलं विचारतात. स्लॅलमला वेग घेण्याची आणि वळण्याची जागा धरून अर्ध्या किलोमीटरहून लांब सरळ, शांत पाणी लागतं. ते आपल्याकडे मिळेल. पण उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि बुडीत क्षेत्रातली झाडांची खोडं, जुन्या विहिरींचे काठ पृष्ठभागाजवळ येतात. ताशी ५८ किमी वेगात ते दिसत नाहीत. आधी तळाची पाहणी, परवानगी, मग बोट.

७) सहलीच्या शिक्षकाने काय बघायचं?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून एलिफंटाकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर आदळली, दहाहून जास्त माणसं गेली. पाण्यात चूक सुधारायला वेळ मिळत नाही. बोटीला गाडीसारखा ब्रेक नसतो.

म्हणून सहलीत आधी शिक्षण विभागाचे नियम आणि पालकांची लेखी संमती. नियमात बसत नसेल तर विषय तिथेच संपला, मुलं कितीही रुसली तरी. नियमात बसत असेल तर किनाऱ्यावर हे सात प्रश्न विचारा :

१. बोटीची नोंदणी आणि चालकाचं प्रमाणपत्र दाखवता का?
२. चालकाशिवाय मागे बघणारा दुसरा माणूस आहे का?
३. प्रत्येक मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का? बकल लावून खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर माप चुकलं.
४. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली आहे का? तो पडला तर इंजिन आपोआप थांबलं पाहिजे.
५. दोर कुठे झिजलेला, गाठी मारलेला आहे का?
६. मुद्दाम उलटवणार का? तसं असेल तर नाही म्हणा.
७. बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे आणि किती बसवताय?

एकाही प्रश्नाला "काही होत नाही हो सर" असं उत्तर आलं, तर मुलांना घेऊन वाळूत कबड्डी खेळा. मुलं तासाभरात रुसवा विसरतात.

८) वर्गात करायच्या कृती

- पाण्याच्या परातीत कागदी होडी सोडा. दोरा एकदा मागच्या टोकाला, एकदा मध्यावर बांधून बाजूला ओढा. काय फरक पडतो ते वहीत लिहा.
- मैदानावर चुन्याने स्लॅलमचा मार्ग दहापट लहान आखा. एकाने मधून सरळ चालायचं, दुसऱ्याने सहा दगडांना वळसा घालत त्याच्याबरोबर पोहोचायचं. कोण दमलं?
- पाच खुणा पाठ करा आणि न बोलता एकमेकांना सूचना द्या.

स्वाध्याय

१. टो-बोटीत दोर मध्यावर का बांधतात?
२. बोटीचा वेग ताशी ५५ किमी असेल तर २५९ मीटरला किती सेकंद लागतील?
३. तासाचा खर्च ३,००० रुपये यावा यासाठी वरच्या उदाहरणातली बोट वर्षात किती तास चालायला हवी?
४. तुमच्या घरातला ट्रॅक्टर किंवा मोटारपंप आणि टो-बोट यांच्या देखभालीत कोणतं साम्य आहे?
५. बोटीत मागे बघणारा माणूस नसेल तर काय होऊ शकतं? पाच ओळी लिहा.

उत्तरं वहीत लिहून गटात तपासा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं अनुक्रमे सुमारे १६.९५ सेकंद आणि २०० तास. ज्यांचं उत्तर वेगळं आलं त्यांनी किलोमीटरचे मीटर केले का, हे आधी बघावं. हा पाठ वर्गात घेतला तर मुलांनी विचारलेले नवे प्रश्न जरूर कळवा, पुढच्या पाठात त्यांवर बोलू.